शहामृगाचे कूळ



शहामृग हा शब्द आपण शाळेत असल्यापासून वापरतो. पण त्याची फोड करून पाहण्याचे फारसे कुणाच्या मनात येत नाही. शहा म्हणजे राजा आणि मृग म्हणजे हरिण. म्हणजे आपल्या मराठीने एका पक्ष्याला चक्क हरणांच्या कळपात नेऊन सोडले आहे! मूळ शब्द दिसतो तो फारसी. शुतुर म्हणजे उंट आणि मुर्ग म्हणजे पक्षी. शुतुरमुर्ग म्हणजे उंटपक्षी. इथल्या वाड्यांतून फारसी जाणणारी जी इराणी मंडळी आहेत त्यांना हे सांगायला नकोच. हा उंटपक्षी मराठी जिभेवर घोळता घोळता शहामृग झाला. ग्रीकांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांनी त्याला उंट तर म्हटलेच, पण त्याला चिमणीचीही जोड दिली. स्ट्रुथोस म्हणजे चिमणी. 1758 साली स्वीडनच्या लिनिअसने प्राण्यांना दुपदरी शास्त्रीय नावे देण्यास आरंभ केला तेव्हा हेच जुने नाव उचलून त्याने त्यास 'स्ट्रुथिओ कॅमेलस' असे म्हटले. हरिण, उंट आणि चिमणी अशी तीन सोंगे या एका पक्ष्याने घेतली आहेत.

यात हसण्यासारखे असले तरी अगदीच वेडेपणाचे काही नाही. नवी वस्तू दिसली की माणूस प्रथम 'ही कशासारखी दिसते' असे विचारतो. लांब मान, लांब पाय, वाळवंटातली चाल. उंट आठवणे साहजिकच होते. परंतु 'कशासारखी दिसते' आणि 'कोणाची कोण लागते' हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डोळे देतात. दुसऱ्याचे उत्तर मिळवण्यात प्राणिशास्त्राची अडीचशे वर्षे गेली आणि अजूनही ते काम पुरे झालेले नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते या दुसऱ्या प्रश्नाविषयी.

डहाणूकरांना हा फरक समजावून सांगण्यासाठी आफ्रिकेपर्यंत जावे लागत नाही. आपला चिकू घ्या. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. इकडे येऊन त्याने असे बस्तान बसवले की 2016 साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. आता तलासरीच्या रानातला मोह घ्या. एक बागायतदाराच्या कुंपणाआतला, दुसरा आदिवासी बांधवांच्या घरादाराशी आणि देवधर्माशी जोडलेला. एकाचे फळ विकायचे, दुसऱ्याची फुले वेचायची. या दोहोंचा काही संबंध असेल असे बाजारात कुणाला वाटणार नाही. आणि तरीही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे दोघे एकाच कुळातले आहेत! आपल्या अंगणातली बकुळही त्याच कुळातली. सालीला टाच मारली की निघणारा पांढरा चीक आणि तपकिरी, चकचकीत, एका बाजूस फिकट वण असलेली बी, या घराण्याच्या खुणा तिघांतही सापडतील. रात्री घरी गेल्यावर चिकूची बी आणि बकुळीची बी शेजारी ठेवून पाहावी.

हे नुसते पोथीतले नाते नाही. कलम करणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. चिकूचे कलम बांधायचे ते खिरणीच्या खुंटावर. गुजरातीत जिला रायण म्हणतात ती. खिरणी ही चिकूची अगदी जवळची बहीण, एकाच प्रजातीतली. मोहाच्या खुंटावरही प्रयोग झाले आहेत, पण खिरणीची सर त्याला येत नाही, कारण नाते एक पायरी लांबचे. आंब्याच्या खुंटावर चिकू बांधून पाहा म्हटले तर आपला माळी आम्हाला वेड्यात काढील. झाडाला आपले नातेवाईक कळतात. आपल्याला ते शोधून काढावे लागतात.

आता पक्ष्यांकडे वळू. लिनिअसच्या 1758 च्या ग्रंथात 'स्ट्रुथिओ' या एकाच प्रजातीत चार पक्षी कोंबलेले आहेत. आफ्रिकेचा शहामृग, न्यू गिनीकडचा कॅसोवरी, दक्षिण अमेरिकेचा रिया आणि चौथा मॉरिशसचा डोडो. या चौघांत साम्य काय? सगळे मोठे आणि कोणालाच उडता येत नाही. एवढ्यावर बिऱ्हाड एक केले.

डोडोचा आपल्या किनाऱ्याशी थोडा संबंध आहे, म्हणून त्याच्याविषयी दोन शब्द. सतराव्या शतकात, डहाणूचा किल्ला पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना, पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी हिंदुस्थानात वावरत होता. मॉरिशसहून आणलेले दोन डोडो आपण सुरतेस पाहिले असे त्याने लिहून ठेवले आहे. सुरत येथून रेल्वेने काही तासांची. ते शतक सरण्याच्या सुमारास डोडो पृथ्वीवरून नाहीसा झाला. पुढे 1840 नंतरच्या दशकात रेनहार्ट नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या संग्रहातील डोडोची कवटी तपासली आणि हा कबुतरांपैकी आहे असे मत दिले. लोकांनी त्यावर थट्टा केली. परंतु 1848 साली स्ट्रिकलंड आणि मेलव्हिल या दोघांनी डोडोवर संपूर्ण ग्रंथच लिहून ते मत उचलून धरले. आणि 2002 साली ऑक्सफर्डच्या नमुन्यातील डीएनए तपासल्यावर ते कायम झाले. आज जिवंत असलेल्या पक्ष्यांत डोडोचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे आपल्या निकोबार बेटांवरचे कबुतर. आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, तोही कबुतरांच्याच कुळातला. म्हणजे लिनिअसने ज्याला शहामृगाचा भाऊ मानले तो निघाला आपल्या हरियालाचा चुलत-चुलत भाऊबंद!

डोडो बाहेर पडला. पण उरलेल्यांचे काय? त्यांच्यात इतर भिडू येऊन मिळाले होते. ऑस्ट्रेलियाचा इमू, न्यूझीलंडचा चिमुकला किवी, तिथलाच नामशेष झालेला मोआ, आणि मादागास्करचा प्रचंड 'हत्तीपक्षी', तोही नामशेष. या सर्वांच्या छातीच्या हाडात एक खूण सारखी आहे. उडणाऱ्या पक्ष्याच्या छातीच्या हाडावर होडीच्या तळाला असतो तसा उभा कणा असतो. पंख हलवणारे दांडगे स्नायू त्याला धरून असतात. कोंबडी खाणाऱ्यांनी तो पाहिलेला आहे. या मोठ्या पक्ष्यांत तो कणा नाही. हाड तराफ्यासारखे सपाट. म्हणून मेरेम या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या सगळ्यांना 'तराफा-पक्षी' या अर्थाचे लॅटिन नाव दिले. समुद्रकाठच्या माणसाला ही उपमा चटकन पटेल. 1867 साली हक्स्लेने पक्ष्यांची टाळू तपासून वर्गीकरण मांडले. त्यात या तराफा-पक्ष्यांची टाळू जुन्या धाटणीची दिसली. पण तशीच टाळू आणखी एका पक्ष्याची निघाली. हा पक्षी म्हणजे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला, तित्तिरासारखा दिसणारा टिनामू. पंचाईत अशी की टिनामूच्या छातीवर कणा आहे आणि तो उडतो.

विसाव्या शतकात भूखंडांच्या सरकण्याची कल्पना रुजली तेव्हा या कोड्याला एक मोठे सुबक उत्तर मिळाले. एके काळी दक्षिणेकडील सर्व भूमी जोडलेल्या होत्या. त्या भूमीवर न उडणारा एकच मूळ पुरुष राहत होता. भूमी फुटली आणि त्याची लेकरे एकेका तुकड्यावर बसून दूर गेली. आफ्रिकेत शहामृग, अमेरिकेत रिया, ऑस्ट्रेलियात इमू. टिनामू वेगळ्या शाखेचा म्हणून बाजूला. पाठ्यपुस्तकांना असे उत्तर फार आवडते.

डीएनएने ते मोडून टाकले. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टिनामू हा या कुळाच्या बाहेरचा नसून अगदी मधोमध बसतो असे आढळले. शहामृगाची शाखा सर्वांत आधी फुटलेली, आणि टिनामू हा रिया-इमूच्या अधिक जवळचा. 2014 साली तर कहरच झाला. न्यूझीलंडच्या कोंबडीएवढ्या किवीचा सर्वांत जवळचा आप्त शेजारचा मोआ नव्हे, तर हजारो मैलांवरच्या मादागास्करचा हत्तीपक्षी ठरला! मधे महासागर; तो पायी ओलांडण्याची सोय नाही. तेव्हा निष्कर्ष उघड आहे. यांचे पूर्वज उडत होते. उडत उडत निरनिराळ्या भूमींवर गेले, आणि तिथे ज्याने त्याने आपापले उडणे स्वतंत्रपणे सोडले. सपाट छाती, आखूड पंख, दणकट पाय ही घराण्याची मिरास नव्हे. एकसारख्या राहणीने निरनिराळ्या घरांत आलेली ती सवय आहे. टाळूची खूण खरी ठरली, तराफ्याची खोटी.

वरवरच्या सारखेपणाने फसणारे केवळ पंडितच असतात असे नाही. आपल्या महाराष्ट्रात एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी इमू पाळण्याची लाट आली होती, ती पुष्कळांना आठवत असेल. मोठा पक्षी, मोठे अंडे, परदेशात शहामृगाची शेती चालते मग इकडे इमूची का नाही, असा हिशेब. पक्षी वाढले, त्यांच्या मांसाला आणि तेलाला गिऱ्हाईक मात्र आले नाही. कर्ज काढून कुंपणे घातलेल्या कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. त्यात फसवणुकीचा भाग मोठा होता आणि दोष पक्ष्याचा नव्हता. पण 'शहामृगासारखाच की' या दोन शब्दांवर किती रुपये उभे राहिले, याचा हिशेब कुणी मांडावा असे आम्हाला वाटते.

एवढी तयारी झाल्यावर आता आपल्या घरच्या शहामृगाकडे येऊ. होय, घरच्याच. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटणे नावाचे गाव आहे. गणिताच्या अभ्यासकांना ते ठाऊक असते, कारण भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांच्या नातवाने, चंगदेवाने, स्थापिलेल्या मठाचा तेराव्या शतकातला शिलालेख तिथलाच. त्याच गावी 1972-73 च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ डॉ. एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. दगडी हत्यारांचे थरावर थर निघाले, मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचे. आणि त्यांत मिळाले शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे, त्यापासून केलेले मणी, आणि एक कोरीव काम केलेला तुकडा. कार्बन-14 पद्धतीने त्या कवचाचे वय आले सुमारे 25,000 वर्षे. आज ज्या भागात कापूस आणि केळी होतात त्या खानदेशच्या कडेला त्या काळी शहामृग अंडी घालत होता!

कवचाच्या नखाएवढ्या तुकड्यावरून हा शहामृगच हे कसे ओळखायचे, असे आपण विचाराल. जाडी ही पहिली खूण. शहामृगाचे कवच दोन मिलिमीटरच्या आसपास जाड असते, आपल्याकडचा दुसरा कोणताही पक्षी असे अंडे घालत नाही. एका अंड्यात कोंबडीची दोन डझन अंडी मावतात. पण जाडीवर भागत नाही. कवचाला श्वासाची बारीक छिद्रे असतात, त्यांची मांडणी पाहावी लागते. शहामृगाच्या कवचात ती लहान लहान खळग्यांत गटागटाने येतात. हत्तीपक्ष्याच्या धर्तीच्या कवचात लांबट चिरांसारखी असतात. भिंगाखाली हा फरक दिसतो. भारतात राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून चाळीसहून अधिक ठिकाणी असे तुकडे मिळाले आहेत. 2017 साली रुरकीची आयआयटी आणि हैदराबादचे पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र येथील संशोधकांनी राजस्थान-मध्य प्रदेशातल्या तुकड्यांतून डीएनए मिळवला. आपल्या उष्ण हवेत इतका जुना डीएनए टिकणे कठीण, म्हणून या कामाचे मोल. तो आफ्रिकेच्या शहामृगाशी 92 टक्के जुळला.

हा पक्षी इथे आला कसा? मघाच्या त्या सुबक सिद्धान्ताप्रमाणे भारत हाही दक्षिणभूमीचाच तुकडा, तेव्हा तो येताना पाठीवर शहामृग घेऊन आला असे म्हणण्याचा मोह होतो. पण काळ जुळत नाही. भारत आफ्रिकेपासून सुटला त्याला दहा कोटींहून अधिक वर्षे झाली, आणि शहामृगाच्या प्रजातीची सर्वांत जुनी हाडे आफ्रिकेत मिळतात ती सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीची. भारत आशियाला येऊन चिकटल्यावर पुष्कळ काळाने तो पश्चिम आशियाच्या वाटेने पायी आलेला असणार. अरबस्तान आणि सीरियाकडे तर तो विसाव्या शतकापर्यंत होता. बंदुका आणि मोटारी आल्या तेव्हा संपला. शिवालिकच्या टेकड्यांत त्याची हाडे मिळाली, त्यांवरून 1871 साली मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच पंडिताने 'स्ट्रुथिओ एशियाटिकस', म्हणजे आशियाई शहामृग, अशी जातच वेगळी केली. पाटण्याचा पक्षी तो की आफ्रिकेतला, हे कवचावरून सांगता येत नाही. काही लेखनात सरळ आफ्रिकी जातीचे नाव दिलेले आढळते. आमच्या मते ते घाईचे आहे. प्रजातीपर्यंत कवच नेते, जातीच्या दाराशी ते थांबते. आफ्रिकेतल्या शहामृगाच्याही आता दोन जाती मानतात, सोमालियाकडचा निळसर मानेचा वेगळा.

आता त्या कोरीव तुकड्याविषयी, कारण इथे डहाणू-तलासरीशी गाठ पडते. त्या तुकड्यावर समांतर रेघांच्या चौकटीत तिरप्या रेघांच्या फुल्या कोरल्या आहेत, दोन पट्ट्यांत. कोणत्याही वारली घरातला लग्नाचा चौक ज्याने पाहिला आहे, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्या चौकटीच्या किनारी पाहिल्या आहेत, त्याला पाटण्याचे चित्र पाहताच ओळखीचे वाटेल. आम्हालाही वाटले. आणि येथेच जपले पाहिजे. दोन्हींत रेघ आहे, चौकट आहे, फुली आहे. म्हणून एकीची परंपरा दुसरीपर्यंत अखंड आली असे म्हणणे, म्हणजे सपाट छाती पाहून किवी आणि मोआ सख्खे भाऊ ठरवणे होय. फुली ही हाताला सहज येणारी आकृती आहे. जगात ती अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निघाली. मधल्या पंचवीस हजार वर्षांच्या साखळीच्या कड्या दाखवल्यावाचून नाते सांगता येणार नाही. वारली चित्रकलेला दहा हजार, वीस हजार वर्षांचे वय चिकटवण्याची हौस हल्ली वाढली आहे. ती कौतुकापोटी असते हे आम्ही जाणतो. पण लग्नाच्या घरी सवाष्णींनी काढलेला चौक आणि आपल्याच तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणलेली ती रेघ, यांना उसन्या वयाची गरज नाही.

रेघ फसवते याचे दुसरे उदाहरण त्याच कवचांत आहे. भारतातील पुष्कळ ठिकाणचे शहामृगाचे तुकडे 'कोरीव' म्हणून प्रसिद्ध झाले होते. पुढे रॉबर्ट बेडनारिक यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा जवळजवळ सर्वांवरच्या रेघा माणसाच्या नव्हत्याच. मातीत झाडांच्या मुळांच्या सान्निध्यात कवच झिजून त्या उमटल्या होत्या. पाटण्याचा तुकडा मात्र त्या परीक्षेत उतरला. तिथली रेघ दगडी टोकाने, हाताने ओढलेली आहे.

मण्यांचे काम तर निःसंशय माणसाचेच. कवचाचा तुकडा कडेने टवकून गोल करायचा, मधे दगडी टोकाने भोक पाडायचे, मग मणी ओवून त्यांची माळ दगडावर घासायची म्हणजे सगळ्यांच्या कडा एकसारख्या होतात. आफ्रिकेत कलाहारीच्या वाळवंटातले लोक ही कला आजही जाणतात. भीमबेटक्याला विष्णू श्रीधर वाकणकरांना एका फार जुन्या दफनात मृताच्या मानेशी असे मणी मिळाले. शहामृग पुढे का संपला यावर मतभेद आहेत. हिमयुग ओसरल्यावर पाऊस वाढला, मोकळी गवताळ राने झाडीने भरली, आणि अंडी उचलणारा माणूस तर होताच. एकाच कारणावर बोट ठेवणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही.

श्रोत्यांपैकी ज्यांचे आप्त खानदेशात, तापी-गिरणेच्या खोऱ्यात आहेत त्यांना एक विनंती. पावसाळ्यानंतर नाल्याची दरड ढासळते, तिथे पिवळसर, किंचित बाक असलेला, कोंबडीच्या कवचाच्या पाच-सहा पट जाड असा तुकडा दिसला तर तो धुऊ नये, घासू नये, खिशात घालून आणू नये. कोणत्या थरात, किती खोलीवर आहे ते लिहून ठेवावे, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवावे. त्याच थरात, त्याच्या शेजारी पायाचे एखादे हाड असेल तर पाटण्याच्या पक्ष्याची जात कोणती हा प्रश्न त्या हाडावरून सुटण्यासारखा आहे. शहामृगाच्या पायाला दोनच बोटे असतात, इमूला आणि रियाला तीन. तेव्हा निदान हाड कुणाचे याविषयी घोटाळा होणार नाही.